बागेतलं लग्न, बागेच्या तारखेनं

काकू, माझं लग्न ठरलंय. देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमची हापूसची बाग आहे, दोनेकशे कलमं, आणि मधोमध आजोबांनी बांधलेलं कौलारू घर. मला हॉल नको. इथेच, उघड्यावर, भरपूर रंग असलेलं, वसंतातलं लग्न हवंय. अक्षय तृतीया मनात आहे. मुलाकडचे सांगलीचे, त्यांची हरकत नाही. साडेतीनशे माणसं धरलीत. बाबा एवढंच म्हणाले, ‘एप्रिल-मेत लग्न? वेड लागलंय काय?’ आणि त्यानंतर गप्प. आई म्हणते कणकवलीला हॉल घेऊ. आजी म्हणते खळ्यात, म्हणजे अंगणात, झापांचा मांडव घाला, की झालं. मुंबईच्या एका डेकोरेटरनं फिक्या रंगांची थीम, प्लास्टिकची हिरवळ आणि परदेशी फुलं असं काहीतरी पाठवलंय. त्याचा आकडा बघून माझी झोप उडाली. सुरुवात कुठून करू?
— हापूसवाल्याची मुलगी

चि. सौ. कां. (अजून नुसतीच चि.),

तुझ्या पत्रात चार माणसं बोलतायत आणि पाचवं गप्प आहे. त्या गप्प बसलेल्या माणसाकडूनच सुरुवात कर.

हापूसवाल्याला एप्रिल म्हणजे काय, हे त्या घरात वाढूनही तू विसरलीस. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलं की असं होतं, त्याबद्दल रागावत नाही. पण जरा आठव. मोहोर आल्यापासून फळ हाताशी यायला साडेतीन-चार महिने. त्या काळात तुझे बाबा थंडी पडली की नाही, तुडतुडा आला की काय, ढग का जमलेत, याच काळजीत असतात. मग एप्रिल येतो. पहाटे झेले, म्हणजे आंबा झेलायच्या जाळ्या, बांधलेले बांबू घेऊन गडी झाडांवर, आंबा देठासकट खाली आला पाहिजे, दुपारी वर्गवारी, संध्याकाळी पेट्या भरून वाशीची गाडी. त्यात तू निवडलीस अक्षय तृतीया. महाराष्ट्रात किती घरं त्या दिवशी पितरांना आंबा दाखवल्याशिवाय स्वतः आंबा तोंडाला लावत नाहीत, ठाऊक आहे ना? म्हणजे त्या दिवसाच्या आधीचा आठवडा हा तुझ्या बाबांच्या वर्षातला सगळ्यांत धावपळीचा आठवडा. त्या आठवड्यात तू त्यांना म्हणतेस, बाग रिकामी करा, साडेतीनशे माणसं येणार आहेत, त्यात निम्म्यांच्या पोरांना झाडावर दगड मारायची सवय. मीसुद्धा गप्पच बसले असते.

तेव्हा तारीख बदल. यात तुझं काही जात नाही, उलट फायदाच आहे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात असला, तरी आपल्याकडच्या झाडांचा वसंत माघ संपतानाच सुरू होतो. फेब्रुवारीच्या अखेरीला सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, गवत वाळून सोन्यासारखं झालेलं असतं आणि त्यात पांगारा, पळस, काटेसावर अशी लाल-केशरी झाडं पानं टाकून नुसती फुलांनी उभी असतात. चैत्रात बऱ्याच घरांत लग्नं करत नाहीत, त्यामुळे तो महिना तुझ्या आजीनं तसाही खोडला असता. राहिला फाल्गुन. त्याच्या तोंडावर, माघाच्या अखेरीला, महाशिवरात्रीला कुणकेश्वराची जत्रा, तेव्हा रस्त्यानं चालायलाही जागा नसते. आणि पौर्णिमेला होळी उभी राहिली की शिमगा. एकदा शिमगा लागला की गावातले मानकरी, ढोलवाले, मांडव घालणारे, पाणी भरणारे, कोणीही तुझ्या हाताला लागणार नाही, आणि लागले तर थाऱ्यावर नसतील. या दोहोंच्या मध्ये, फाल्गुन शुद्ध सप्तमी ते दशमीच्या दरम्यान मुहूर्त आहे का, ते भटजींना विचार. तेव्हा पहिला आंबा थोडाफार सुरू झालेला असेल, पण मुख्य तोड लागायची असेल.

या तिथी मी उगाच सांगत नाही. शुद्ध अष्टमीच्या आसपास सूर्य मावळतो तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत राहतो. कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो उजेड काय पडतो ते तू लहानपणी पाहिलंयस. डेकोरेटरच्या यादीत हा खर्च कुठेच नसतो.

मुंबईकर पाहुण्यांचं एक आताच लिहून ठेव. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाआधी 60 दिवसच उघडतं, पूर्वीसारखे 120 नाहीत. शिमग्याच्या गाड्या तर उघडल्या उघडल्या भरतात. तेव्हा पत्रिका नंतर छापा, तारीख आधी फोनवर सांगा.

आता वेळ. उघड्यावरच्या लग्नात सगळे फुलांचा विचार करतात, सूर्य आणि वारा कुठून येणार हे कोणी बघत नाही. किनाऱ्यावर सकाळी उशिरा समुद्राचा वारा सुरू होतो, दुपारी तो जोरात असतो आणि दिवस कलला की पडत जातो. दुपारी तीनला बांधलेल्या झालरी म्हणजे गलबताची शिडं. शिवाय भर उन्हात सगळे रंग विटके दिसतात, माणसं घामेजलेली असतात आणि भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हा अर्धे लोक सावली शोधत असतात. गोरज मुहूर्त घ्या. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. साडेपाचला पाहुणे, दिवस बुडता बुडता अक्षता, मग पंगत. रात्री दहाला स्पीकर बंद करायचाच असतो, कायदाच तसा आहे. माझ्या मते तो आठलाच बंद केलात तर खाडीपलीकडचा गावही दुवा देईल.

एक बारीक गोष्ट. बहुतेक घरांत अंतरपाटाच्या दोन बाजूंना एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला असतं. ज्याचं पश्चिमेला, त्याच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन थेट जाणार आणि जन्मभराच्या फोटोत तो डोळे मिचकावताना दिसणार. म्हणून मांडवाच्या पश्चिमेला दाट कलमांची रांग येईल अशी जागा बघ. वाराही तिथेच अडेल. मागे कोणताही पडदा लागणार नाही. हापूसच्या गर्द पानांपेक्षा चांगला पडदा कुणी विणलेला नाही.

इथून रंगांकडे येऊ, कारण तुला मुळात तेच विचारायचं होतं.

तुझ्या बागेत आधीपासून तीन रंग आहेत आणि ते तुला विचारून आलेले नाहीत: खाली जांभ्याची तांबडी माती, वर काळपट हिरवी पानं, कडेला वाळलेलं पिवळं गवत. त्यावर डेकोरेटरचे फिके गुलाबी, फिके निळे, मोतिया रंग ठेवून बघ. बंद हॉलमध्ये ते छान दिसत असतील. आपल्याकडे पाच वाजता ते धुऊन वाळत घातल्यासारखे दिसतात, आणि सहा वाजेपर्यंत त्यांना मातीचा तांबूस पदर चढलेला असतो. पांढरी गालिचापट्टी तर घालूच नकोस. पहिली दहा माणसं चालून गेली की ती पोलिसांनी जप्त केल्यासारखी दिसते.

आपल्या मातीवर शोभतात ते ठसठशीत रंग. हळदीचा पिवळा, बोगनवेलीचा राणी, आमसुली, अबोलीचा तो ना केशरी ना गुलाबी असा रंग. यातले दोन मुख्य धर आणि तिसरा चिमटीएवढा. तुला ‘खूप रंग’ हवेत हे कळलं, पण रंग सगळीकडे शिंपडले की कुठेच दिसत नाहीत. बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, मांडवात आणि पंगतीत, एवढ्या तीनच ठिकाणी रंग ओत, हात न आखडता ओत. मधली वाट, झाडं, घर यांना हात लावू नकोस. बागेची शांत जागा मध्ये राहिली की पुढचा रंग अंगावर येतो.

फुलं. गोंडा, म्हणजे झेंडू, कोल्हापूरहून फोंडा घाटानं पहाटे येईल, तो पोत्यानं आण. स्वस्त आहे, टिकतो, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांनी तो तांबड्या मातीवर ढीग करून कधी पाहिलेला नाही. बोगनवेल तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, फुकट उभी असेल. ती तोडली की मलूल पडते अशी तक्रार असते. फांदी सकाळी लवकर काप, पानं सगळी ओरबाडून टाक, नुसती फुलं ठेव आणि लगेच बादलीत बुडव, संध्याकाळपर्यंत राहते. पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात, तो दुरूनच बघायचा. पळसाची फुलं हाताळली की गळतात. पण काटेसावर मात्र मोठी मनमिळाऊ: तिची जाडजूड फुलं सकाळी झाडाखाली अख्खीच्या अख्खी पडलेली मिळतात. ती वेचून तांब्या-पितळेच्या घंगाळांत पाण्यावर सोड. आजीच्या माळ्यावर निदान तीन घंगाळं निघतील, चिंचेनं घासून घे.

आणि सुरंगी. तुझी तारीख तिच्या हंगामात बसते हे तुझं भाग्य समज. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या बायका पहाटे अंधारात झाडावर चढून कळ्या काढतात, उमलायच्या आत, आणि सकाळी वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, घेऊन बाजारात बसतात. सुकली तरी वास जात नाही. माझ्या आईच्या ट्रंकेत वळेसराचा एक चुरा होता, ट्रंक उघडली की आधी तो यायचा आणि मग साड्या दिसायच्या. तर पाहुण्या बायकांना गजरे मोगऱ्याचे नको, सुरंगीचे दे. सांगलीकरणी विचारत बसतील हे काय आहे म्हणून. त्यासाठी निदान पंधरा दिवस आधी जाऊन त्या बायकांना भेट, किती वळेसर ते सांग, आगाऊ पैसे दे आणि घासाघीस करू नकोस. झाडावर चढणं हे जिवावरचं काम आहे. फक्त एक: तुमच्या आवारात सुरंगीचं झाड असेल तर मांडव त्याच्यापासून लांब. फुललेल्या सुरंगीवर मधमाश्यांचं नुसतं मोहोळ उठलेलं असतं, आणि त्यांना तुझ्या पत्रिकेशी काही देणंघेणं नाही.

सासरच्यांनी वैशाखच धरून ठेवला तर बहावा पिवळा आणि तामण जांभळी मिळेल, दोन्ही अप्रतिम. पण मग बाबांशी तूच बोल, मी मध्ये नाही.

आता आजीचा मांडव. या घरात तुझ्याखालोखाल सजावटीची जाण कोणाला असेल तर ती आजीला. पोफळीचे खांब, बांबूच्या आडव्या काठ्या आणि वर माडाच्या झावळांचे विणलेले झाप, याच्याखाली जो गारवा असतो तो कापडी तंबूत पंखे लावूनही येत नाही. झाप विणणारी माणसं आता कमी झालीत आणि झावळं आधी पाण्यात भिजवून मऊ करावी लागतात, म्हणून महिनाभर आधी सांगून ठेव. झापांच्या खाली, आतल्या बाजूनं, घरातल्या जुन्या सुती साड्या ताण. आजीची लुगडी, आत्याच्या इरकली, आईची ती जांभळी जी ती आता नेसत नाही. नव्या कापडाला हा रंग येत नाही, धुऊन धुऊनच येतो. साड्या फाडायच्या नाहीत, टाचायच्याही नाहीत, नुसत्या काठ्यांवरून सोडून टोकं बांधायची; वाऱ्याला मधून वाट ठेवायची. आणि कोणती साडी कोणाची, यावरच पाहुण्यांचा पहिला अर्धा तास जाईल.

साडीचा विषय निघालाच आहे तर तुझीही सांगते. दाट झाडाखाली पानांतून झिरपणारा उजेड हिरवट असतो; त्यात फिका पिवळा आणि पोपटी रंग चेहऱ्याला कावीळ झाल्यासारखे दिसतात. आमसुली, लाल, गडद जांभळा नेस. आणि पदर-निऱ्या जमिनीपासून चार बोटं वर.

खळं चोपून, शेणानं दोन-तीन हात सारवून घ्या. शेवटचा हात आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे वाळेल. धूळ बसते, पायाला थंड लागतं, वास चांगला येतो, आणि त्यावर पांढरी रांगोळी आणि गेरू असा काही उठतो की बघत राहावं. डेकोरेटरची प्लास्टिकची हिरवळ दिवसभर उन्हात तापते. तिच्यावर अनवाणी उभं राहून सप्तपदी करून दाखव म्हणावं त्याला. शिवाय आंब्याच्या बागेत हिरवळ विकत आणायची म्हणजे समुद्राकाठी मीठ उसनं मागण्यासारखं आहे.

झाडांना खिळा मारू देऊ नकोस. एकही नाही. खिळ्याच्या जखमेतून डिंक वाहतो, कीड आत शिरते आणि ते कलम पुढे तुझ्या बाबांना सतावत राहतं. दिवे, तोरणं, सगळं काथ्याच्या दोरीनं बांधायचं आणि तिसऱ्या दिवशी सोडायचं. तापणारे हॅलोजन फांद्यांत नकोत, फळ धरलेलं असतं. साधे पिवळे छोटे बल्ब पुरेत, चंद्र आहेच. आणि बाबांना विचार, मांडवाच्या आसपासच्या कलमांवर शेवटची फवारणी कधी. पंधरा दिवस तरी आधी थांबायला हवी. त्या खाली माणसं जेवणार आहेत.

आता एक गोष्ट सांगते, जी मला सांगायला आवडत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं लग्न होतं, असंच बागेत. सजावट करणाऱ्यानं, त्याचं नाव घेत नाही, नवरानवरीच्या प्रवेशाला आकाशात उडणारे फटाके ठरवले होते, आम्हाला न विचारता, ‘सरप्राइज’ म्हणून. मार्च महिना. एक बाण तिरका गेला आणि गडग्यापलीकडच्या वाळल्या गवतात पडला. त्यानंतर मंगलाष्टकं कोणी ऐकली नाहीत. मुंडावळ्या बांधलेला नवरा टहाळे तोडून गवत झोडपत होता, माझा भाऊ रेशमी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बादल्या पळवत होता. आमची बाग वाचली. शेजाऱ्याची अकरा काजूची झाडं होरपळली, ऐन बोंड धरलेली. नुकसान भरून दिलं, पण ते कुटुंब अजून आमच्याकडे येत नाही, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

फेब्रुवारी ते मे कोकणात वणव्याचे दिवस. तुझं सोन्यासारखं गवत सजावटीत सुंदर आणि ठिणगीला दारूगोळा. म्हणून फटाके नाहीत, आकाशकंदील सोडायचे नाहीत, धूर-ठिणग्यांचं काहीही नाही. हे डेकोरेटरकडून लिहून घे. बागेच्या हद्दीनं चार-पाच हात रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी करून घ्या, जाळरेषेसारखी. होमाच्या वर झाप येऊ देऊ नका, तेवढा चौकोन उघडा ठेवा, शेजारी वाळूची घमेली आणि पाण्याचं पिंप. चूल घराच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गाड्या लावायला कापलेल्या भाताचे कुणगे बरे, पण तिथेही वाळला पेंढा आणि तापलेला सायलेन्सर यांची गाठ पडू नये म्हणून आधी झाडून घ्या. गवत काढायला आणखी एक कारण आहे. आपल्या कातळावर, दगडांच्या फटीत विषारी फुरसं असतं, तुला मी काय सांगायचं. रात्री चपला घालून गाडीकडे जाणाऱ्या सांगलीकरांना ते ठाऊक नाही. ती वाट लख्ख उजेडाची हवी, सजावटीचा नव्हे, खरा उजेड.

नारळाच्या झाडाखाली खुर्ची मांडायची नाही. मांडायचीच असेल तर आठ दिवस आधी नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. मांडवावर येणाऱ्या फांद्यांत तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी आहेत का, तेही कोणाला तरी वर चढवून बघ. नवऱ्याच्या मानेवर अक्षतांबरोबर त्या पडल्या तर तो सप्तपदी धावत पुरी करेल. फळांची सजावट कराल तर वानरांचा विचार करा. केळीचे घड लटकवून सगळे चहाला गेले आणि परत येऊन बघतात तर नुसते दांडे, हे मी पाहिलंय.

पाणी आणि संडास यावर लिहायला कोणाला आवडत नाही, म्हणून थोडक्यात. स्वयंपाक, हात धुणं, संडास मिळून माणशी वीस लिटर धर, म्हणजे सात हजार लिटर. विहीर तेव्हा किती असते ते बाबांना माहीत. कमी वाटली तर टँकर आजच सांगून ठेव. भाड्याचे संडास निदान सहा, त्यातले दोन म्हाताऱ्यांना बसता येतील असे, आणि घराच्या जवळ. तुझ्या आईला हॉल का हवाय, याचं कारण मला विचारशील तर हेच आहे. ती ते बोलणार नाही. हे तिला दाखवून दे, हॉलचा विषय निघणार नाही. शेतपंपाच्या लाइनवर लग्नाची वीज ओढू नका, जनरेटर घ्या आणि तो घराच्या मागे ठेवा.

जेवण. इथे पुन्हा तारीख तुझ्या बाजूनं आहे. ओले काजूगर तेव्हाच असतात, त्यांची उसळ कर. कोवळ्या फणसाची भाजी, वालाच्या डाळिंब्या, वडे, घावन, खोबरं-गुळाचा रस. केळीच्या पानावर ही पंगत मांडली की तिसऱ्या जागेचा रंग आपोआप आला: हिरव्या पानावर गुलाबी सोलकढी, पिवळं वरण, लाल लोणचं. पानांच्या मधून बोगनवेलीची नुसती फुलं टाकायची, फुलदाण्या नकोत. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर तर बंदीच आहे, सजावटीतल्या थर्माकोलवरही. सोलकढी मात्र सकाळी करून ठेवायची नाही; नारळाचं दूध उन्हात तासा-दोन तासांत आंबतं. नारळाचा रस काढून थंड ठेवा आणि कोकमाचं आगळ पंगत बसायच्या अर्धा तास आधी घाला. आल्या आल्या कैरीचं पन्हं द्या. आमरस नसेल म्हणून बाबांना वाईट वाटेल. तर प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्या, एप्रिलमध्ये एक डझन घरपोच. आहेर घेणार नसाल तर देण्यासारखं याहून चांगलं काय आहे, आणि पुढच्या वर्षी त्यातली निम्मी घरं पेटी मागवतील, हे बाबांना हळूच सांग.

मासे दुसऱ्या दिवशी. वरपक्ष सांगलीचा असल्यानं पुष्कळजण त्यासाठीच राहतील.

डेकोरेटरला पूर्ण सोडू नकोस. त्याच्याकडून खुर्च्या, जनरेटर, दिवे, संडास आणि ते उभं करणारी चार माणसं घे. फुलं, कापड, जागा आणि रंग हे त्याच्या यादीतून काढून टाक आणि उरलेला आकडा परत माग. तो म्हणेल, ‘मॅडम, मग लुक येणार नाही.’ म्हणू दे. त्याला तुझ्या बागेत संध्याकाळी साडेसहाला नेऊन उभं कर, तेवढं पुरे.

आजीला विचारून एक गोष्ट नक्की कर: मुहूर्तमेढ रोवायच्या आधी ग्रामदेवतेला आणि बागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. तू मानतेस की नाही हा प्रश्न नाही. गावातली पन्नास माणसं तुझ्यासाठी राबणार आहेत, आणि ‘होय महाराजा’ म्हटल्याखेरीज त्यांना हे लग्न आपलं वाटणार नाही.

आता बाबा. त्यांना हे पत्र वाचायला देऊ नकोस. बायकामाणसांनी मिळून आपल्याला समजावलं असं वाटलं तर ते आणखी गप्प होतील. येत्या रविवारी घरी जा, संध्याकाळी ते बागेत फेरी मारतात तेव्हा बरोबर जा आणि लग्नाचा ‘ल’ही काढू नकोस. फक्त विचार, ‘बाबा, फाल्गुनात कुठल्या कलमांखाली तोड लागायची असते? तिथं पश्चिमेला आडोसा आहे का?’ ते लगेच उत्तर देणार नाहीत. दोन दिवसांनी सकाळी चहा पिता पिता एखाद्या कोपऱ्याचं नाव घेतील आणि वर म्हणतील की तिथला गडगा आधी नीट करून घ्यावा लागेल. तोवर काथ्याच्या दोरीची चार बंडलं आणून ठेव.

— काकू